तारेचा काय दोष?

श्रावणात महाड-पोलादपूरच्या गावागावांत सप्ताह बसतात. पहारा बदलतो, टाळकरी बदलतात, पंगती बसतात नि उठतात, पण वीणा खाली ठेवायची नाही हा दंडक. एका वीणेकऱ्याच्या गळ्यातून निघाली की ती सरळ दुसऱ्याच्या गळ्यात. सात दिवस, सात रात्री. बाहेर पाऊस कोसळत असतो, देवळाच्या भिंतींना ओल आलेली असते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी वीणा बिनसते. एक तार खरखरते, दुसरी सुरात लावली की तासाभरात उतरते, तिसरीची खुंटी हलायलाच तयार नसते. मग कुणीतरी जाणता म्हणतो, ‘तार गेली, नवी घाला.’ नवी तार येते. खरखर तशीच राहते.

तार बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते. बिघाड असतो तो तिच्या टोकांशी: ती जिथे टेकते तिथे, ती जिथे गुंडाळली जाते तिथे, आणि ही दोन्ही टोकं ज्या लाकडावर उभी आहेत त्या लाकडात. सप्ताहातल्या वीणेला हे लागू आहे, मिरजेच्या तंबोऱ्याला लागू आहे, आणि मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या रंगमंचावर येणाऱ्या ग्रँड पियानोलाही तितकंच लागू आहे. वाद्यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असेल, दुखणं मात्र एकाच जातीचं. म्हणून पियानो दुरुस्त करणारा माणूस काय करतो हे पाहिलं, तर महाड-पोलादपूरची वीणा का रुसते हेही कळतं.

पियानो बाहेरून लाकडी फर्निचर दिसतो, आतून तो लोखंडी सांगाडा आहे. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हे वाद्य बनवलं तेव्हा चौकट लाकडाचीच होती. पुढे तारा जाड झाल्या, ताण वाढला, चौकटी वाकू लागल्या. बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनं १८२५ मध्ये एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं, आणि मग ताणाला धरबंधच राहिला नाही. आजच्या ग्रँड पियानोत ८८ पट्ट्या असतात आणि त्यांच्यासाठी साधारण २३० तारा. खालच्या सुरांना एकेक जाडजूड, तांब्याची तार गुंडाळलेली. त्यावरच्या काहींना दोन-दोन. आणि मधल्या-वरच्या सुरांना तीन-तीन. एकेका तारेवर सरासरी ७०-८० किलोचा ताण. सगळ्यांचा मिळून १७-१८ टन. हा सगळा भार ती चौकट अहोरात्र पेलून असते.

तंबोऱ्याच्या तारेवरचा ताण त्यामानाने अगदीच किरकोळ, तीन-साडेतीन किलो. पण इथेच एक गंमत आहे. तारेचा सूर तिच्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ताण शंभरातला एक भाग कमी झाला की कंपनसंख्या अर्ध्या टक्क्यानं उतरते. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची जोडीची तार सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावते. तिच्या ताणातला एक टक्का म्हणजे पस्तीसेक ग्रॅम, एका लहान लिंबाचं वजन. जोडीतल्या एकाच तारेचा ताण तेवढा घटला, की दोन्ही तारा मिळून दर दीड सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो. पाठ्यपुस्तकात याला विस्पंद म्हणतात. गाणाऱ्याच्या कानाला तो लगेच टोचतो. पियानोच्या तारेचा ताण एक टक्का घटायला पाऊण किलोचा फरक पडावा लागतो. पियानो म्हणूनच महिनोन् महिने तग धरतो आणि तंबोरा दोन ख्यालांच्या मध्ये पुन्हा मिळवावा लागतो. दोन्हीकडचा शत्रू मात्र एकच: दमट हवा.

दमट हवेच्या बाबतीत या भागाला कुणाकडून शिकायची गरज नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या महाड-पोलादपूरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आंबे शिवथर, कसबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं वरंधा घाटाच्या पायथ्याच्या खोऱ्यात आहेत. समर्थ रामदासांचं दासबोधाचं लेखन जिथे झालं ती शिवथरघळ याच खोऱ्यात. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती शोधून लोकांपुढे आणली. घळीशेजारी पावसाळ्यात जो धबधबा कोसळतो, त्याचे तुषार आणि त्याचा घोष दोन्ही तंबोऱ्याला मानवणारे नाहीत. तुषारांनी लाकूड फुगतं. घोषात लहान-मोठ्या सगळ्या कंपनांचा कल्लोळ एकत्र असतो, त्यामुळे तारेतले बारीक स्वर त्यात बुडून जातात आणि सूर मिळवणाऱ्याला काही उमगत नाही. अशा जागी जाणते लोक कान सरळ दांडीला लावतात. हवेतून न ऐकू येणारा हेलकावा लाकडातून स्वच्छ ऐकू येतो.

लाकूड कसं फुगतं हे इथे महत्त्वाचं. रेषांच्या दिशेनं ते जवळजवळ वाढत नाही. आडवं मात्र चांगलंच पसरतं. त्यामुळे तंबोऱ्याची दांडी लांब होत नाही. भोपळ्यावरची तबली मात्र चारी बाजूंनी चिकटवलेली असते. तिला आडवं पसरायला जागा नसते, म्हणून ती वर उचलली जाते. तिच्याबरोबर तारा पेलणारी घोडी उचलली जाते, घोडीबरोबर तारा ताणल्या जातात. पावसाळ्यात सूर चढतो तो असा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तबली खाली बसते आणि सूर उतरतो. पियानोत हेच काम साउंडबोर्ड करतो. स्प्रूसच्या लाकडाची ही पातळ, किंचित फुगीर फळी पावसाळ्यात आणखी फुगते. त्यातही मेख अशी की सगळ्या तारा सारख्या चढत नाहीत, मधल्या सप्तकातल्या जास्त चढतात आणि टोकाच्या कमी. सगळाच पियानो एकसारखा चढला असता तर निदान स्वतःशी तरी सुरात राहिला असता.

कोकणातल्या वाद्याची आणखी एक अडचण आहे, तिचा विचार फारसा होत नाही. ते बहुधा घाटावर जन्मलेलं असतं. महाराष्ट्रात तंबोरा म्हटलं की मिरज. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे ही कला रुजवली, आणि ‘सतारमेकर’ हे आडनावच होऊन बसलं. भोपळे पंढरपूरच्या परिसरातून येतात, दांडी-तबलीला तूनचं लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता मिरजेचा पाऊस बघा, वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर. तिथल्या कोरड्या हवेत सुकवलेलं, जोडलेलं, तासलेलं वाद्य कऱ्हाड, सातारा, महाबळेश्वर करत आंबेनळी घाट उतरून पोलादपुरात येतं, ते एकदम पाचपट पावसाच्या मुलखात. मिरजेत नेमकी बसवलेली घोडी इथे पहिल्या पावसात वेगळ्याच कोनात उभी राहते. ‘कारागिरानं नीट दिलं नाही’ ही तक्रार मग सुरू होते. दोष कारागिराचा नसतो. कोकणात जायचं वाद्य आहे हे त्याला आधी सांगितलं, आणि एक पावसाळा काढल्यावर एकदा परत दाखवायला नेलं, की बहुतेक तक्रारी मिटतात.

खुंट्यांचंही तसंच. पावसात खुंटी फुगून भोकात आवळते, कोरड्या दिवसांत सैल होऊन घसरते. आवळलेली खुंटी पकडीनं पिळली की दांडीचं भोक चिरतं, आणि मग ती दुरुस्ती खर्चात पडते. खुंटी काढावी, कोरड्या फडक्यानं पुसावी, अडकत असेल तर कोरड्या साबणाचा एक हात फिरवावा, घसरत असेल तर खडूचा. फिरवताना ती आत दाबत फिरवायची. वरचा सूर लागला म्हणून खाली उतरवत आणून तिथेच सोडायचं नाही. सुराच्या खाली जाऊन पुन्हा वर चढत यायचं. खुंट्यांजवळच्या अटीच्या आणि घोडीच्या घर्षणामुळे तारेचा एक भाग जास्त ताणलेला आणि दुसरा कमी, असं होऊन बसतं. खाली उतरवताना ही विषमता तशीच अडकून राहते आणि पाच मिनिटांनी तार आपसूक सरकते. म्हणून सूर लागल्यावर तार एकदोनदा बोटानं हलकेच ओढायची, उतरली तर पुन्हा चढवायची. दुसऱ्यांदा ती टिकते.

पियानोचा ट्यूनर नेमकं हेच करतो, फक्त त्याची खुंटी पोलादी असते. मॅपलच्या लाकडाचे थर एकमेकांवर चिकटवून केलेल्या ठोकळ्यात, म्हणजे पिनब्लॉकमध्ये, ती घट्ट ठोकलेली असते. लांब दांड्याच्या चावीनं ती केसभर फिरवायची, सूर किंचित वर न्यायचा, मग पट्टीवर सणसणीत ठोके देत तार ‘बसवायची’. त्या ठोक्यांनी तारेचे सगळे भाग एका ताणावर येतात. नवख्या ट्यूनरनं लावलेला पियानो मैफलीच्या पहिल्या अर्ध्या तासातच ढासळतो. कारण पिन फिरण्याऐवजी तिनं नुसता पीळ घेतलेला असतो आणि वाजवता वाजवता तो सुटत जातो. पिनब्लॉकचं लाकूड वर्षानुवर्षांच्या फुगण्या-आटण्यानं ढिलं पडलं असेल, तर कितीही मन लावून ट्यून करा, उपयोग शून्य. तिथे जाड पिना घालाव्या लागतात किंवा भोकांवर उपचार करावे लागतात.

आता खरखरीकडे वळू. इथे दोन संगीतांचे रस्ते वेगळे होतात.

पियानोवाला जिला दोष म्हणतो, तीच गोष्ट तंबोऱ्यातून मुद्दाम काढली जाते. ती म्हणजे जवारी. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि वरून किंचित उतरती असते. तार तिच्यावर एका रेषेत टेकत नाही, ती उतारावर हलके चाटत जाते. तार थरथरते तसा तिचा टेकण्याचा बिंदू मागेपुढे सरकतो आणि दर कंपनाला बारीक-बारीक उपस्वर जन्मतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांना याचं भारी कुतूहल होतं. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये असा जुना सिद्धान्त होता. तंबोरा आणि वीणेत मात्र तो खणखणीत ऐकू येतो, हे रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या टिपणात दाखवलं. नोबेल मिळायला अजून नऊ वर्षं होती आणि प्रकाशाच्या विकिरणाचं काम पुढेच होतं.

जवारी काढणं हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. कारागीर तारा बाजूला घेतो आणि घोडीचा माथा उजेडात तिरका धरतो. रोज घासून तारेनं त्यावर बारीक खाच पाडलेली असते, केसाएवढीच, पण सगळा घोळ तिच्यात. खाचेत तार अडकली की तिचा टेकण्याचा बिंदू सरकत नाही, नाद मरतो आणि उरतो तो कोरडा, पत्र्यासारखा खरखराट. कारागीर बारीक कानस हातात घेतो आणि पुढून मागे, एकाच दिशेनं, अगदी हलक्या हातानं घासत जातो. चार-सहा हात फिरले की तार चढवून ऐकायची. पुन्हा बाजूला घ्यायची, पुन्हा घासायचं. एक हात जास्त पडला तर सगळा उतार नव्यानं करावा लागतो. प्रत्येक तारेखालचा उतार वेगळा. खर्जाची पितळी तार जाड आणि मोठ्या झोक्याची, तिला जास्त मोकळीक हवी. पोलादी जोडीला कमी. शेवटी पॉलिश कागदाचा हात, आणि मग तारेखाली सुताचा दोरा. नखानं तो दोरा रेघभर पुढेमागे सरकवत जायचं. नाद बंद, बंद, बंद, आणि एका ठिकाणी एकदम उघडतो. तिथेच थांबायचं. कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला गोल, कुणाला बंद. गळ्याच्या जातीप्रमाणे गायक ते सांगतो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. तंबोरा लावण्यातली आणि वाद्यदुरुस्तीतली त्यांची हातोटी गायकीइतकीच नावाजलेली होती, ती उगाच नाही.

घोडी पूर्वी सांबरशिंगाची असे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला, शिंगांच्या व्यापारावर बंदी आली. मग उंटाचं हाड, शिसवी आणि कारखान्यातलं कडक प्लास्टिक वापरात आलं. प्लास्टिकवर खाच लवकर पडत नाही आणि पावसाचा परिणामही नाही. जुन्या माणसांना त्याचा नाद कोरडा वाटतो. पण कोकणातल्या भजनी मंडळाच्या वीणेला, जी वर्षातून दहा ठिकाणी गळ्यात घालून फिरवली जाते, तिला हीच घोडी सोयीची, असं म्हणायला हरकत नाही.

पियानोत मात्र जवारी चुकून होते आणि मग ती शोधून मारावी लागते. वरच्या सुरांच्या तारा खुंटीकडच्या टोकाला एका लोखंडी दांड्याखालून जातात. वर्षानुवर्षं हातोड्यांचे घाव बसून त्या दांड्यावर तारांच्या खाचा उमटतात, आणि तार स्वच्छ टेकण्याऐवजी खाचेच्या कडांना चाटू लागते. झाली जवारी. उपायही तोच: तारा सोडून दांडा घासून पुन्हा गोल करणं. दुसऱ्या टोकाला, म्हणजे पियानोच्या घोडीवर, प्रत्येक तारेला दोन तिरक्या पिना अडवून धरतात. त्यातली पुढची पिन लाकडात ढिली झाली तर एकच तार स्वतःशीच हेलकावे घेऊ लागते, जणू दोन तारा वाजताहेत. याला ट्यूनर खोटा हेलकावा म्हणतात, कारण कितीही ट्यून केलं तरी तो जात नाही. परीक्षा साधी आहे. पेचकसाचं टोक त्या पिनेला बाजूनं दाबून धरायचं. हेलकावा थांबला तर गुन्हेगार सापडला. मग पिनेच्या मुळाशी पातळ सुपरग्लूचा थेंब, किंवा पिन काढून जाड पिन.

पियानोचे इतर आवाज निस्तरायला सोपे आहेत. खर्जाच्या तारेवर गुंडाळलेलं तांबं सैल झालं की ती भणभणते. तिचं एक टोक काढून, गुंडाळीच्या दिशेनं एक पीळ देऊन परत अडकवतात. स्टाइनवेनं १८७२ मध्ये एक युक्ती पेटंट केली होती: घोडीपलीकडचा तारेचा बिनकामाचा तुकडाही मोजून ठेवायचा, म्हणजे तो मुख्य तारेबरोबर गुणगुणेल आणि नादात चमक येईल. काही पियानोंत तीच चमक शिट्टीसारखी कानात घुसते. तिथे त्या तुकड्यांत लोकरी पट्टी विणून टाकतात, शिट्टी बंद. पट्टी सोडल्यावरही सूर मागे रेंगाळत असेल तर डॅम्परचा नमदा कडक झालेला असतो. आणि कित्येकदा आवाज पियानोचा नसतोच. आत पडलेली पेन्सिल, झाकणाच्या बिजागरीची ढिली पिन, भिंतीवरच्या तसबिरीची काच. एखाद्याच सुराला यातलं काहीतरी थरथरतं आणि ट्यूनरचा अर्धा दिवस खातं.

वीणेवर ही पेचकसाची परीक्षा बोटानं करता येते. खरखरणारी तार छेडत राहायची आणि दुसऱ्या हाताचं बोट एकेका संशयितावर ठेवत जायचं. आधी मण्यावर, बारीक सूर मिळवायचे हे मणी तबलीला हलकेच टेकून खुळखुळतात. मग खुंटीपाशी कापायच्या राहिलेल्या तारेच्या टोकावर. मग तारदानावर. मग घोडीच्या पायाशी. पायाखालून कागदाची चिटोरी सरकली तर घोडी तबलीवर नीट बसलेली नाही. मग तबलीच्या कडेवर टिचकी मारत फिरायचं. जिथे टिचकीचा आवाज पोकळ येतो, तिथे सांधा सुटलेला आहे. जुन्या वाद्यांत सांधे सरसानं जोडलेले असतात आणि सरस ओलीनं मऊ पडतो. बोट ठेवल्याबरोबर खरखर थांबली, की तिथेच खोट. बोटांनी काहीच थांबलं नाही, तरच संशय जवारीवर घ्यायचा, आणि तेव्हाही आधी दोऱ्यावर, मग घोडीवर, आणि सर्वांत शेवटी तारेवर.

तार खरंच कधी दोषी असते? गंजली असेल तर. पावसाळी घामट हातांनी पोलादी तारेवर गंजाचे ठिपके येतात, तिचं वजन लांबीभर सारखं राहत नाही आणि ती खोटे हेलकावे घेते. कुठे मुडपून घडी पडली असेल तरीही. अशी तार बदलायलाच हवी, आणि एक नव्हे, सगळा संच बदललेला बरा, कारण जुनी नि नवी तार एकाच हवेत सारखी वागत नाहीत.

सुरात लावण्याबद्दल एक गोष्ट मात्र नेहमी गैरसमजाची ठरते. सगळे हेलकावे वाईट नसतात. पियानोच्या एका सुराच्या तीन तारा अगदी तंतोतंत एकच केल्या तर नाद पटकन आटतो. त्यांत अत्यल्प फरक असेल तर पहिल्या ठोक्यानंतर एक मंद, लांब शेपूट उरतं. गॅब्रिएल वाइनरिख या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये या जोडलेल्या तारांचं गणित मांडलं. चांगले ट्यूनर ते गणित न शिकता कानानं करत आलेले आहेत.

काही हेलकावे तर कुणालाच घालवता येत नाहीत, आणि सप्ताहात नेमके तेच डोकं उठवतात. वीणेचा खर्ज काळी एकच्या पेटीशी मिळवला, षड्ज अगदी एकजीव झाला, तरी पेटीवर गंधार दाबला की काहीतरी खटकतं. कारण खर्जाच्या तारेतूनच एक गंधार आपोआप निघत असतो, तिचा पाचवा उपस्वर. तो शुद्ध, सेकंदाला सुमारे ३४६.५ कंपनांचा. पेटीचा गंधार, पियानोसारखाच, सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडून बसवलेला, तो ३४९ च्या वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे. खुंटी पिळणाऱ्यानं इथे वीणा हलवली, तर लागलेला षड्ज घालवून बसतो आणि गंधार तरीही मिळत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी बावीस श्रुतींचं मोजमाप करून १९१० मध्ये पुस्तक काढलं. त्यांच्या कामाला अब्दुल करीम खाँच्या गळ्याची साथ होती. बारा सारख्या तुकड्यांच्या पेटीवरचा राग पुढे आकाशवाणीपर्यंत पोचला आणि १९४० पासून तब्बल तीन दशकं पेटीला तिथे मज्जाव होता. गावच्या भजनानं मात्र पेटी सोडली नाही, आणि तेही रास्तच आहे. तंबोरा पावसात ढळतो, पेटीची पितळी पात बऱ्यापैकी जागेवर राहते. अंधाऱ्या, ओल्या देवळात सुराचा खुंटा कुणीतरी धरायला लागतो.

हल्ली खुंटी पिळताना मोबाइलवरचं ॲप समोर असतं. जोडीच्या तारांना ते ठीक. खर्जाला मात्र ते फसतं, कारण सेकंदाला ६९ कंपनांचा सूर फोनच्या इवल्याशा मायक्रोफोनला धड ऐकूच येत नाही. तो त्यातला वरचा पंचम पकडतो, आणि पडद्यावर भलतंच अक्षर झळकतं. खर्ज जोडीशी मिळवून कानानंच लावावा.

पावसाळ्यात जपण्याचे उपाय फार नाहीत आणि महागही नाहीत. पियानोला ४० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैमध्ये ती ८० च्या पुढे असते. म्हणून वातानुकूलन, किंवा पियानोच्या पोटात हीटरची बारीक कांडी. पूर्वी घरोघरच्या पियानोंत कमी वॅटचा दिवा लावून ठेवत. दिवा उन्हाळ्यातही तसाच राहिला की साउंडबोर्ड वाळून तडकायचा, हे त्यातलं दुसरं टोक. वीणेला इतका तामझाम लागत नाही. भिंतीपासून हातभर दूर, जाड सुती गवसणीत, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि वाजवून झाल्यावर तारांवरून कोरडं फडकं. महिनोन् महिने वाजणार नसेल तर सूर थोडे उतरवून ठेवावेत, पूर्ण सैल करू नयेत.

पुराची गोष्ट वेगळी. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, तेव्हा काय काय भिजलं याची मोजदाद वाद्यांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पण असं भिजलेलं वाद्य वाचू शकतं. तारा लगेच सैल कराव्यात, चिखल गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं टिपावा आणि वाद्य सावलीत, वाऱ्याला, आठवडेच्या आठवडे आडवं ठेवावं. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवलं तर भोपळा आणि तबली वेगवेगळ्या वेगानं आटतात आणि सांधा फाटतो. पूर्ण सुकल्याशिवाय तारा चढवू नयेत. सुटलेले सांधे पुन्हा चिकटवता येतात, फाटलेल्या भोपळ्याला मात्र कारागीरच लागतो.

महाड-पोलादपूरच्या मंडळांना एवढंच सुचवायचं आहे: ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून गेला की वीणा गवसणीतून काढा, खुंट्या पुसा, मणी आणि घोडीचे पाय बोटानं तपासा, आणि दोरा जुना झाला असेल तर नवा घाला. हे अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतरही तार खरखरली, तर श्रावणातल्या सप्ताहाआधी मिरजेची फेरी मारायला वेळ हाताशी राहतो.